कोकिळाबाईंचे हात

लोणारच्या मुलींच्या शाळेतल्या कोकिळाबाई चैत्राच्या उन्हातसुद्धा मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालत. आम्हा पोरींना ती बुलढाण्याकडची फॅशन वाटायची, आणि माझ्या आईला नुसता भपका. त्या बाह्यांच्या आत काय आहे हे गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होऊ नये म्हणून ती बाई दीड वर्ष जीव मुठीत धरून जगत होती. मी तेव्हा दहा वर्षांची. वर्गात पहिल्या ओळीत बसायचं आणि जे दिसेल ते घरी जाऊन सांगायचं, एवढंच मला येत होतं. पुढे जे झालं ते माझ्या या सवयीमुळे झालं, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी वच्छला, शाळा कमिटीचे अध्यक्ष महादेवराव यांची मुलगी, आणि स्वतःला फार शहाणी समजणारी.

सन सदतीस-अडतीसची गोष्ट. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला. शाळा जिल्हा कौन्सिलच्या, नेमणुका कौन्सिलच्या, आणि गावात शाळेवर देखरेख करायला शाळा कमिटी. मुलींच्या शाळेला बाई मिळणं म्हणजे दुष्काळात विहिरीला पाणी लागण्यासारखं होतं. त्यामुळे कोकिळाबाई आल्या तेव्हा त्या कोण, कुठल्या, हे कोणी फार खोदून विचारलं नाही. मोताळ्याकडच्या, शेतकऱ्याघरच्या, फारकत झालेल्या, मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास, एवढं पुरलं. आम्हा कुणब्यांत फारकत झाली म्हणून आभाळ कोसळत नाही. बाईचा पुन्हा पाट लागतो, म्हणजे दुसरं लग्न होतं, संसार होतो.

पण फारकत कशाची, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. चौदाव्या वर्षी लग्न झालं, पंधराव्या वर्षी कोपराजवळ रुपयाएवढा पांढरा डाग आला, आणि सोळाव्या वर्षी दोन्ही हात मनगटाच्या वर पांढरे झाले. कोड. सासरच्यांनी मोकळं केलं. माहेरी भावजयीनं ताट वेगळं काढलं, लोटा वेगळा काढला आणि निजायची जागा ओसरीच्या कोपऱ्यात दाखवली. वडील शेषराव गरीब स्वभावाचे, सुनेपुढे त्यांचं काही चाललं नाही. पण त्यांनी एक केलं. गावच्या मास्तरांच्या हातापाया पडून मुलीला पुन्हा पुस्तकापुढे बसवलं. कोपऱ्यातल्या त्या जागेवर बसून कोकिळाबाईंनी चार वर्षं अभ्यास केला आणि पास झाल्या. शेषराव वारले त्या वर्षी लोणारची जागा निघाली. मोताळा जिल्ह्याच्या एका टोकाला, लोणार दुसऱ्या. ओळखीचं कुत्रंही भेटणार नाही, म्हणून त्यांनी हे गाव मागून घेतलं. नोकरी हंगामी होती. ती गेली तर परत त्याच कोपऱ्यात, त्याच ताटावर जायचं, याखेरीज दुसरी वाट नव्हती.

त्या राहायच्या रुखमाबाईकडे. रुखमाबाई विधवा, एकटी, आमच्याच जागेवर बांधलेल्या दोन खोल्यांत राहणारी. धंदा बिब्बे फोडण्याचा. रानातून बिब्बे आणायचे, दगडावर ठेवून एकेक फोडायचा आणि आतली गोडंबी काढून विकायची. बिब्ब्याचं तेल अंगावर उडालं तर कातडी काळी पडते, आणि जास्त उडालं तर उतते, म्हणजे फोड येऊन चिघळते. हाताला राख चोळून बसलं तरी व्हायचं ते होतंच. रुखमाबाईची बोटं कायमची काळी होती आणि तोंड त्याहून तिखट. पण बाईंवर तिची माया बसली. तिला कधी लेक झाली नव्हती.

बाईंवर जीव असलेलं दुसरं माणूस म्हणजे शालिग्राम मास्तर. मुलांच्या शाळेवर होते, कमिटीचे चिटणीस होते, पहिली बायको बाळंतपणात गेलेली. त्यांनी रुखमाबाईमार्फत पाटाबद्दल विचारलं होतं. बाईंनी तीन महिने उत्तर दिलं नव्हतं. हो म्हणायचं तर हात दाखवावे लागणार होते, आणि नाही म्हणवत नव्हतं. मास्तर मनात भरले होते, हे त्यांनी पुढे माझ्याजवळ सरळ कबूल केलं.

पौषात कोड बाहीच्या बाहेर आलं. उजव्या हाताच्या पाठीवर आधी एक ठिपका, मग दोन बोटांवर. खडू धरायचा तोच हात. छत्तीस पोरी दिवसभर त्याच हाताकडे बघत बसणार. बाई तो ठिपका राखेनं माखून यायच्या, खडूच्या भुकटीत लपवायच्या. आणि मग एके दिवशी त्यांचं लक्ष रुखमाबाईच्या काळ्या बोटांकडे गेलं.

शिकलेल्या बाईला हे कसं सुचलं, असं मला लोक विचारतात. माणूस घाबरलं की शिक्षण कुठे जातं ते मलाही ठाऊक नाही. त्यांनी रुखमाबाईच्या नकळत एक बिब्बा घेतला, तिळाच्या तेलात त्याचं तेल कालवलं आणि झाडूच्या काडीनं पांढऱ्यावर लावलं. दोन दिवसांनी डाग तपकिरी झाला. त्यांना वाटलं, जिंकलं. माघात कौन्सिलचा कागद आला. नोकरी कायम करण्याचा विचार आहे, महिन्याभरात डिप्टीसाहेब शाळा तपासायला येतील. तोवर बोटांवरचं पांढरं वाढलं होतं. बाईंनी घाई केली. तेल न कालवता बिब्बा तसाच लावला.

तिसऱ्या दिवशी हात कोपरापर्यंत सुजला. बोटांना फोड आले, फुटले, पाणी गळू लागलं. त्या चिंधी बांधून शाळेत आल्या आणि फळ्यावर डाव्या हातानं लिहू लागल्या. दुपारी त्या माठाजवळ चिंधी सोडून हात धूत होत्या, तेव्हा मी पाणी प्यायला गेले. मी जे पाहिलं ते लाल, सोललेलं, टोकाकडे काळं पडलेलं बोट होतं.

घरी जाऊन मी सांगितलं, "आई, बाईचं बोट झडून राह्यलं."

आईची भाकर तव्यावरच राहिली. तिचा सख्खा मामा महारोगानं गेला होता. गावाबाहेर झोपडी, लांबून सरकवलेली भाकर, हे सगळं तिनं लहानपणी पाहिलेलं. तिनं मला ओढत नेऊन आंघोळ घातली, अंगावरचे कपडे उकळत्या पाण्यात टाकले आणि शेजारणीला हाक मारली. संध्याकाळपर्यंत बाईंना महारोग झाल्याचं अख्ख्या गावाला तिखटमीठ लावून कळलं. दुसऱ्या दिवशी शाळेत एकही पोरगी गेली नाही.

गुरुवारी आमच्या ओसरीवर कमिटी बसायचं ठरलं. मधल्या दोन दिवसांत बाईंच्या पोटात अन्न नव्हतं. हे मला पुढे रुखमाबाईनं सांगितलं. तिला बोट बघताक्षणी कळलं होतं. बिब्ब्याची जखम तिला कोण शिकवणार? तिनं खोबरं-तीळ वाटून लावले आणि विचारलं, तेव्हा बाईंनी बाह्या वर करून दाखवल्या. रुखमाबाईनं त्या बाह्या स्वतःच खाली ओढल्या.

मग म्हणाली, "याचं नाव काढू नोका. बिब्बा फोडताना तुमच्या हातावर उडाला, म्या उडवला, असं मी सांगतो. तुमी फक्त मान हालवा."

"अन् तुमाले काही बोल लागला तर?"

"मले काय बोल लागते? माई कोन नोकरी कायम करून राह्यलं?"

गुरुवारी सकाळी ओसरीवर बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेजारी चार पंच बसले. शालिग्राम मास्तर वही घेऊन भिंतीशी होते. दवाखान्याच्या कंपाउंडरांना मुद्दाम बोलावलं होतं. मी आणि आई दाराआड. बाई आल्या त्या खाली मान घालून, बाह्या मनगटापर्यंत. त्यांना अंगणात थांबवलं. दोन दिवसांपूर्वी त्याच अंगणात त्यांना बसायला पाट मांडला जात होता.

कंपाउंडर म्हणाले, "महारोग असंन तर सुई समजत नाही. पाहून घेऊ." त्यांनी बाईंना डोळ्यांवर पदर घ्यायला लावला, सुई दिव्यावर धरली आणि म्हणाले, "टोचलं की हाव म्हणा."

कंपाउंडरांनी करंगळीला सुई लावली.

"हाव," बाई म्हणाल्या.

मधलं बोट. "हाव." अंगठा. "हाव." मग त्यांनी मुद्दाम हात थांबवला, टोचलं नाही. बाई गप्प राहिल्या. आई माझा खांदा इतका घट्ट धरून होती की दुसऱ्या दिवशी तिथे वळ दिसले. मग त्या सोललेल्या बोटाच्या अगदी टोकाला सुई लागली आणि बाईंच्या तोंडून हाव आलं नाही, कळवळून आई गं आलं.

"महारोग नाही," कंपाउंडर म्हणाले. "बिब्बा उतला हाये. पंधरा दिवसात बरा होईन."

बापूंनी सुस्कारा सोडला. ते मनानं वाईट नव्हते, गावाला भ्यायचे एवढंच. पण बिब्बा लागला कसा, हे त्यांनी विचारलं आणि रुखमाबाई पुढे आली. "माया दगडावरून उडाला. माईच चूक." झालं. दाराआडून माझी आईच बोलली, की सोन्यासारखी बाई ठेवून घेतली आणि जाळून ठेवली. गावभर घबराट केली. (घबराट कोणी केली होती, हे मला ठाऊक होतं. मी तोंडाला कुलूप लावलं.) एका पंचानं सांगितलं, हा बिब्ब्याचा धंदा आळीत नकोच, उद्या पोरीबाळींच्या अंगावर उडेल. दुसऱ्यानं री ओढली. बापूंनी निकाल दिला, की रुखमाबाईनं अमावस्येच्या आत खोल्या खाली कराव्या. बाईंची सोय दुसरीकडे बघू.

रुखमाबाईनं मान डोलावली. साठीची बाई, कुठे जाणार होती? तिनं बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही.

बाईंची सुटका झाली होती. नोकरी वाचली होती, कोड झाकलेलं राहिलं होतं, मास्तर समोर बसले होते. नमस्कार करून निघायचं एवढंच बाकी होतं. त्या निघाल्याही. फाटकापर्यंत गेल्या आणि उभ्या राहिल्या. पाठ आमच्याकडे होती. मग त्या वळल्या आणि परत ओसरीपाशी आल्या.

"भाऊ," त्या बापूंना म्हणाल्या, "रुखमामावशी खोटं बोलल्या. बिब्बा मी लावला. माया हातानं."

"काऊन?" बापूंना काही उमजेना.

बाईंनी डावी बाही कोपरापर्यंत वर केली, मग उजवी. चुन्यासारखे पांढरे हात. मी तसं काही कधी पाहिलं नव्हतं. "हे कोड हाये. आठ वर्षांपासून. हे झाकाले म्हणून लावला. मावशीले घरातून काढू नका. काढाचं असंन तर मले काढा."

एक पंच उठून उभा राहिला आणि धोतर सावरत दोन पावलं मागे सरला, ओसरीवर असूनही. आईनं मला आत ओढलं, तरी मी तिच्या काखेतून पाहत राहिले. मला शालिग्राम मास्तर दिसले. त्यांनी वहीतून मान वर केली नाही.

कंपाउंडर भला माणूस. त्यांनी स्वच्छ सांगितलं, की कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही. बापू पेचात पडले. बाईंना काढावं तर कंपाउंडरांसमोर कारण नाही, ठेवावं तर गाव अंगावर येणार. त्यांनी हात वर केले. डिप्टीसाहेब पंधरा दिवसांनी येतील, त्या दिवशी पटावरच्या छत्तीसपैकी वीस पोरी हजर दिसल्या तर बाई राहतील, नाहीतर शाळाच बंद होईल. रुखमाबाईच्या खोल्या मात्र राहिल्या.

शुक्रवारी शाळेत तीन पोरी आल्या. शनिवारी दोन.

रविवारी बाई घरोघर निघाल्या. आखूड बाह्यांचं पोलकं त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांनी होतं त्याच्या बाह्या कात्रीनं कापल्या होत्या. दुसऱ्या घरी त्यांच्या अंगावर पाणी फेकलं. आमचं घर चौथं होतं. बापू शेतावर होते. आई अंगणात गोधडी शिवत होती. ती उठून आत जाणार, तेवढ्यात बाई पायरीच्या खालीच बसल्या.

"पुष्पाबाई, तुमच्या मामाचं मले कळलं," त्या म्हणाल्या. "तुमची भीती खोटी नाही."

आई थांबली. इतक्या वर्षांत मामाचं नाव तिच्यासमोर कोणी काढलं नव्हतं. "त्यायलेही आधी डागच आला होता," ती म्हणाली.

"हाव. पन त्यो डाग बधिर असते. माया नाही."

"कंपाउंडरनं पाह्यलं. आमी कुठं पाह्यलं?"

बाईंनी डावा हात पायरीवर ठेवला, पांढरी बाजू वर करून. "मंग तुमी पाहा. सुई हाये तुमच्यापाशी. चुलीत धरा अन् टोचा."

आईनं टोचलं नाही असं मला लिहिता आलं तर बरं वाटेल. पण तिनं टोचलं. चुलीतून सुई तापवून आणली, लांबून हात पुढे केला आणि त्या पांढऱ्या कातडीत सुई घातली, भीतीपोटी जरा जास्तच खोल. बाईंनी हात मागे घेतला नाही. रक्ताचा थेंब आला. तुमच्या-आमच्यासारखाच लाल. आई त्या थेंबाकडे बघत राहिली आणि मग तिथेच बसून रडायला लागली. बाईंसाठी रडली की मामासाठी, ते तिलाही सांगता आलं नसतं. थोड्या वेळानं तिनं पदराच्या टोकानं ते रक्त पुसलं. स्वतःच्या पदरानं.

"वच्छीले उद्या धाडतो," ती म्हणाली.

पुढचे दहा-बारा दिवस हेच चाललं. एका घरातून दुसऱ्या घरात बातमी जायची, आणि प्रत्येक घरातल्या बाईला स्वतः पाहायचं असायचं. कोणी सुई घेई, कोणी बाभळीचा काटा, एकीनं तर चिमटाच घेतला. शिकलेल्या माणसाचा शब्द पुरला नाही, कंपाउंडरांचा पुरला नाही, त्या बाईचा हात टोचावा लागला. मला अजून या गोष्टीचा राग येतो. बाईंना कधी आला नाही, किंवा आला असेल तर त्यांनी दाखवला नाही. त्यांचा डावा हात लाल टिपक्यांनी भरून गेला होता, आणि त्याच हातानं त्या आम्हाला फळ्यावर त्रैराशिक शिकवत होत्या. झाकायचं काही उरलं नव्हतं म्हणून की काय, त्यांचं शिकवणं पूर्वीपेक्षा मोकळं झालं होतं.

डिप्टीसाहेब आले त्या दिवशी तेवीस पोरी हजर होत्या. मी घाबरून तीनदा मोजल्या. साहेबांनी बाईंच्या हातांकडे एकदा पाहिलं, मग पोरींकडून पाढे-गणितं करून घेतली आणि शेऱ्यात लिहिलं, काम समाधानकारक.

या सगळ्या दिवसांत शालिग्राम मास्तर बाईंच्या वाटेला गेले नव्हते. एकदा फक्त रुखमाबाईच्या दारात बावचीचं तेल ठेवून गेले, कोडावरचं औषध म्हणून, आणि बाई बाहेर यायच्या आत निघून गेले. बाईंनी ते तेल परत धाडलं. बिब्ब्यानं एकदा पोळल्यावर आता दुसरं काही अंगाला लावायचं नाही, असा निरोप दिला. रुखमाबाईनं त्या निरोपात स्वतःच्या चार शिव्या घातल्या. गावात सगळे धरून चालले होते की पाटाचा विषय संपला, आणि बाईंनीही तसंच धरलं होतं.

चैत्रात नोकरी कायम झाल्याचा कागद आला. त्याबरोबर बाईंच्या नावाचं सर्व्हिस बुक भरून पाठवायचं होतं. चिटणीस म्हणून भरायचं शालिग्राम मास्तरांनी, सही करायची बापूंनी. म्हणून पुन्हा आमचीच ओसरी. या वेळी बाईंना बसायला पाट होता, आईनं चहा केला होता, आणि मी दारात उघड उभी होते. मास्तर एकेक रकाना वाचत आणि लिहीत होते. नाव, जन्मगाव, परीक्षा. त्यांच्या कपाळावर घाम होता.

"बापाचं किंवा नवऱ्याचं नाव," ते वाचून थांबले. टाक दौतीत बुडवला, पुन्हा काढला. मग बापूंसमोर, मान वर न करता म्हणाले, "हा रकाना आठ दिवस कोरा ठेवला तर चालंन का, बाई? त्या दिवशी मी भ्यालो. त्यानंतर रोज लाज वाटून राह्यली."

बापूंचा चहा बशीतच राहिला. आई दाराशी येऊन उभी राहिली. मला वाटलं, बाई उठून जातील.

"खालचा रकाना काय हाये?" त्यांनी विचारलं.

"अंगावरची ओळखीची खूण." मास्तर घाईघाईनं म्हणाले, "भुवईवरचा तीळ लिहितो. तेवढं पुरते. कौन्सिलात दहा जणं वाचतीन, कशाले..."

"तीळ नाही." बाईंनी दोन्ही हात पुढे केले आणि त्यांच्या वहीशेजारी ठेवले. "हे लिवा. आधी हे लिवा, मंग वरचं पाहू."

मास्तरांनी त्या हातांकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. एका हातावर टोचल्याचे ठिपके, दुसऱ्यावर बिब्ब्याच्या जखमेतून आलेली नवी, आणखीनच पांढरी कातडी. त्यांनी टाक बुडवला आणि लिहिलं. सावकाश, फळ्यावर लिहावं तशा मोठ्या अक्षरात.

"वाचा," बाई म्हणाल्या.

"दोन्ही हातांवर कोपरापर्यंत पांढरं कोड," मास्तरांनी वाचलं, बापूंना, आईला आणि मला ऐकू जाईल असं.

बाईंनी हात मागे घेतले.

"आता वरचा कोरा ठेवा," त्या म्हणाल्या.